शाखेत स्क्रीन अडकते, मुख्य कार्यालयात मात्र सगळे हिरवे: दूरच्या शाखांत प्रोब बसवण्याविषयी

शाखाजाळे

आमच्या सहकारी पतसंस्थेचे मुख्य कार्यालय सदाशिव पेठेत असून मंचर, नारायणगाव, शिरूर, सासवड, बारामती आणि भोसरी येथे शाखा आहेत. संगणक व नेटवर्क ही जबाबदारी माझ्याकडे आहे. प्रत्येक शाखेत स्थानिक पुरवठादाराची फायबर लाइन आहे आणि ती बंद पडल्यास राउटर आपोआप ४जी सिमवर जातो. काउंटरवरील संगणक थेट नवी मुंबईतील डेटा सेंटरमधल्या बँकिंग प्रणालीशी व्हीपीएनने (इंटरनेटवरच्या कूटबद्ध खासगी जोडणीने) जोडलेले आहेत, तर देखरेखीसाठी शाखा आणि मुख्य कार्यालय यांच्यात दुसरी व्हीपीएन आहे. मुख्य कार्यालयातील सर्व्हर दर पाच मिनिटांनी प्रत्येक शाखेच्या राउटरला एक पिंग (‘आहेस का?’ असे विचारणारे छोटे पॅकेट) पाठवतो आणि उत्तर आले की फलकावर हिरवा ठिपका दाखवतो.

अडचण अशी की शाखेतून दूरध्वनी येतो तेव्हा काउंटरसमोर रांग लागलेली असते, पावती निघत नसते आणि स्क्रीन अडकलेली असते. माझ्या फलकावर मात्र त्या क्षणी सर्व शाखा हिरव्या असतात. मी दूरस्थ जोडणीने पाहीपर्यंत प्रणाली पूर्ववत झालेली असते. पुरवठादाराचे उत्तर ठरलेले आहे: ‘आमच्याकडून लाइन ठीक आहे.’ प्रत्येक शाखेत एक छोटा प्रोब, म्हणजे तेथूनच जोडणीची मोजमापे घेणारे उपकरण, बसवावा असा विचार आहे. तो कोठे जोडावा, त्याने काय मोजावे आणि इतक्या अंतरावरून तो सांभाळावा कसा, याविषयी अनुभवी सदस्यांनी मार्गदर्शन करावे.

जुना तारवाला

आपण दिलेल्या माहितीतच निम्मे उत्तर आहे. आपला पिंग सदाशिव पेठ ते मंचर हा मार्ग मोजतो. काउंटरवरचा व्यवहार मंचर ते नवी मुंबई या मार्गाने जातो. दोन्हींत समान असलेला भाग म्हणजे फक्त शाखेचा राउटर आणि पुरवठादाराची शेवटची तार. शिवाय पाच मिनिटांत एकच पिंग पाठवल्यास मधली दोन-तीन मिनिटांची अडचण त्याच्या जाळ्यात सापडणे हा निव्वळ योगायोग ठरतो. म्हणून पहिला नियम असा की मोजमाप वापरकर्त्याच्या जागेवरून आणि वापरकर्त्याच्या दिशेने झाले पाहिजे.

ही कल्पना नवी नाही. एसएनएमपी, म्हणजे नेटवर्क उपकरणांकडून आकडे मागवण्याचा प्रोटोकॉल, १९९० मध्ये आरएफसी ११५७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज) म्हणून स्थिरावले आणि त्यानंतर लगेचच, नोव्हेंबर १९९१ मध्ये, आरएफसी १२७१ ने आरमॉन म्हणजे दूरस्थ देखरेखीची रचना मांडली. तिची उद्दिष्टे आजही वाचण्यासारखी आहेत, कारण त्यांत सर्वांत आधी उल्लेख आहे तो केंद्राशी संपर्क नसतानाही काम चालू ठेवण्याचा. प्रोबने केंद्राच्या विचारण्याची वाट न पाहता स्वतः मोजायचे, स्वतःजवळ साठवायचे आणि संपर्क आला की द्यायचे. इथरनेटसाठी त्यात नऊ गट होते: आकडेवारी, इतिहास, इशारे, यजमान, सर्वाधिक वापर करणारे यजमान, कोण कोणाशी बोलतो त्याचा तक्ता, गाळणी, पॅकेट पकडणे आणि घटना. इतिहासाच्या गटासाठी तीस सेकंद आणि तीस मिनिटे अशा दोन अंतरांनी नमुने ठेवण्याची सूचना होती; म्हणजे एका नोंदीत क्षणिक झटका दिसावा आणि दुसरीत दिवसाचा कल. १९९७ च्या आरमॉन-२ ने हीच नजर वरच्या थरांपर्यंत, अगदी अ‍ॅप्लिकेशनपर्यंत, नेली. त्या काळचे महागडे खोके आज कोणी विकत घेणार नाही, पण त्यांची विचारपद्धती आपल्या शाखांना जशीच्या तशी लागू पडते.

पुण्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला शिवाजीनगरचे शिमला ऑफिस, म्हणजे हवामान खात्याचे कार्यालय, पुरेसे आहे. गावोगावच्या वेधशाळा ठरल्या वेळी पारा पाहून वहीत नोंद करतात. पुण्याशी त्या वेळी संपर्क आहे की नाही, यावर ती नोंद अवलंबून नसते.

एमआयडीसीकर

थोडा विरोधी सूर लावतो. भोसरी आणि चाकण येथील दोन कारखान्यांचे नेटवर्क मी सांभाळतो. आमच्याकडे प्रत्येक स्विच आणि राउटर एसएनएमपी बोलतो, मध्यभागी झॅबिक्स हे देखरेखीचे सॉफ्टवेअर आहे आणि वेगळा प्रोब एकही नाही. प्रत्येक शाखेत आणखी एक खोका ठेवणे म्हणजे बंद पडू शकणारी आणखी एक वस्तू ठेवणे. धागाकर्तीने आधी आहेत त्या उपकरणांकडून नीट माहिती घ्यावी, असे माझे मत आहे.

मात्र एसएनएमपीचे आकडे घेताना एक गोष्ट पाहावी. जुना बाइट-मोजक ३२ बिटांचा असतो. एक गिगाबिटची जोडणी पूर्ण भरून वाहत असेल तर तो सुमारे ३४ सेकंदांत शून्यावर येतो, शंभर मेगाबिटवर साधारण पावणेसहा मिनिटांत. पाच मिनिटांनी विचारणाऱ्याला मधल्या काळात मोजक किती वेळा फिरून आला हे कळायला मार्ग नसतो आणि आलेख विश्वास बसण्याजोगा, पण खोटा निघतो. यासाठी ६४ बिटांचा मोजक वापरावा. तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही.

जुना तारवाला

३२ बिटांचा मुद्दा अगदी योग्य आहे आणि अनेक आलेख त्यामुळे वर्षानुवर्षे चुकीचे चालू असतात. परंतु आपल्या दोन कारखान्यांत आणि या शाखांत मूलभूत फरक आहे: आपले केंद्र आणि आपली उपकरणे एकाच आवारात किंवा भरवशाच्या समर्पित लाइनवर आहेत.

शाखांच्या बाबतीत लाइन खचली की एसएनएमपीचे उत्तरही त्याच लाइनवरून यायचे असते. परिणामी ज्या दहा मिनिटांची माहिती हवी, नेमकी तीच दहा मिनिटे आलेखात कोरी राहतात. दुसरे असे की स्थानिक पुरवठादार बहुतेक वेळा ग्राहकाला सार्वजनिक आयपी पत्ता देत नाहीत. राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ या दरम्यान दिसला तर समजावे की आपण पुरवठादाराच्या सामायिक नॅटमागे (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणाऱ्या व्यवस्थेमागे) आहोत. हा पट्टा २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने त्यासाठीच राखून ठेवला आहे. अशा जोडणीत बाहेरून आत शिरता येत नाही. व्हीपीएन उभी असेपर्यंत ठीक, ती पडली की केंद्र आंधळे.

यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे प्रोबने बाहेर पडून केंद्राशी संपर्क साधणे. याचे सर्वांत मोठे सार्वजनिक उदाहरण राइप अ‍ॅटलसचे आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइप एनसीसी या आयपी पत्ते वाटणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये ही योजना सुरू केली आणि आज जगभर स्वयंसेवकांच्या घरी आणि कार्यालयांत बारा हजारांहून अधिक प्रोब जोडलेले आहेत. प्रोब स्वतःहून ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर एसएसएच (कूटबद्ध) जोडणी उघडतो, तिच्यावरूनच त्याला कामे मिळतात आणि निकालही तो केंद्राकडे पाठवतो. यजमानाला राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावा लागत नाही. पिंग, ट्रेसराउट (पॅकेट कोणत्या टप्प्यांतून जाते त्याची यादी), डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे), टीएलएस प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारे), एनटीपी (घड्याळ जुळवणे) अशी मोजकीच मोजमापे तो करतो. आपल्या प्रोबचा आराखडा असाच ठेवावा.

मुळाकाठ

काय मोजावे, याचे उत्तर मी देतो, कारण तेथेच बहुतेकांचे प्रकल्प फसतात. एकाच टोकाला पिंग करत राहण्यापेक्षा मार्गाचे टप्पे पाडावेत: शाखेचा राउटर, पुरवठादाराचा पहिला टप्पा, डीएनएस सर्व्हर, डेटा सेंटरचे प्रवेशद्वार आणि शेवटी प्रत्यक्ष बँकिंग प्रणालीचा पोर्ट. शेवटच्या टप्प्यावर पिंग नव्हे, तर टीसीपी जोडणी (प्रत्यक्ष माहिती ज्यावरून येते-जाते ती) उघडण्यास किती वेळ लागला आणि लॉगिनचे पान पूर्ण उतरण्यास किती वेळ लागला हे मोजावे. पहिला टप्पा बिघडला तर दोष आपल्या शाखेत, दुसरा बिघडला तर पुरवठादाराच्या तारेत, फक्त शेवटचा बिघडला तर डेटा सेंटरमध्ये. ही विभागणी असेल तर दूरध्वनीवरचा वाद पुष्कळ कमी होतो.

एका पिंगऐवजी स्मोकपिंग या विलंब मोजणाऱ्या साधनाची पद्धत घ्यावी. मूळ मांडणीत ते दर तीनशे सेकंदांच्या फेरीत वीस पिंग पाठवते आणि त्यांचा मध्य व पसारा दोन्ही दाखवते. सरासरी विलंब सारखाच, पण पसारा रुंद झाला, याचा अर्थ कोठेतरी रांग भरते आहे. सरासरीवर विसंबून राहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

आकड्यांना भौतिक आधार आहे का, हेही पाहावे. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई हे अंतर रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या आसपास धरले तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद हा तळ झाला. राउटर, व्हीपीएन आणि वळसे धरून पाच-दहा मिलिसेकंद होणे समजण्यासारखे आहे. तेथे सातत्याने चाळीस-पन्नास मिलिसेकंद दिसत असतील तर आपली पॅकेटे दुसऱ्याच कुठल्या शहरातून फिरून येत आहेत किंवा रांगेत उभी आहेत.

ट्रेसराउट वाचताना मात्र सावध राहावे. मधल्या एखाद्या टप्प्यावर चाळीस टक्के गळती आणि पुढच्या सर्व टप्प्यांवर शून्य, असे दिसले तर ती गळती नसते. तो राउटर स्वतःला आलेल्या चौकशीला उत्तर देण्याचे प्रमाण मर्यादित ठेवतो, दुसऱ्यांची पॅकेटे मात्र व्यवस्थित पुढे पाठवतो. गळती त्या टप्प्यापासून अखेरपर्यंत टिकली तरच ती खरी मानावी. असे चित्र पुरवठादाराकडे पाठवून अनेकांनी स्वतःचे हसे करून घेतले आहे.

नवखी प्रशासक

मध्येच विचारते, क्षमस्व. पिंग व्यवस्थित आणि तरीही स्क्रीन अडकलेली, असे एकाच क्षणी, एकाच मार्गावर होऊ शकते का?

मुळाकाठ

होऊ शकते आणि धागाकर्तीच्या मांडणीत तर त्याची दाट शक्यता आहे. साधा पिंग अगदी लहान असतो. लिनक्सवर त्यात ५६ बाइटांचा मजकूर असतो. बँकिंग प्रणालीचे पान मात्र पूर्ण आकाराच्या पॅकेटांतून येते. इथरनेटवर ही मर्यादा १५०० बाइटांची, पीपीपीओई (लॉगिन करून जोडण्याची पद्धत) असलेल्या ब्रॉडबँडवर १४९२ ची, त्यातून व्हीपीएनचे वेष्टन वजा करायचे आणि मोबाइलच्या जाळ्यात ती अनेकदा आणखी कमी असते. पॅकेट मोठे असेल आणि त्याचे तुकडे करण्यास मनाई असेल तर मधल्या राउटरने ‘पॅकेट लहान करा’ असा आयसीएमपी (पिंग आणि नेटवर्कच्या सूचना वाहणारा प्रोटोकॉल) निरोप पाठवायचा असतो. कोणी सुरक्षेच्या नावाखाली सगळे आयसीएमपी अडवून ठेवले असेल तर हा निरोप पोहोचत नाही. मग जोडणी उघडते, लहान पॅकेटे जातात, पिंग हिरवा राहतो आणि मोठे पान मध्येच गोठते.

म्हणून प्रोबने दर फेरीत एक मोठा पिंग, तुकडे करण्यास मनाई करून, पाठवावा आणि त्याच वेळी राउटर फायबरवर आहे की सिमवर, हेही नोंदवावे.

जुना तारवाला

मुळाकाठ यांच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन. कोणत्या लाइनवरून मोजले, याची नोंद नसलेले मोजमाप निम्म्या किमतीचे असते.

एमआयडीसीकर

मोठ्या पिंगचा मुद्दा मला पटला आणि तो केंद्रातून करता येणार नाही, हेही मान्य करतो. आता प्रोबच्या खोक्याविषयी सांगतो, कारण कारखान्यांच्या धुळीत आणि विजेच्या लहरीत मी बरीच उपकरणे मरताना पाहिली आहेत.

क्रेडिट कार्डाएवढ्या संगणकावर एसडी कार्ड घालून काम भागवण्याचा मोह होतो. मोजमापे सतत लिहिली जात असल्याने स्वस्त एसडी कार्ड झिजते आणि एके दिवशी केवळ वाचता येणारे होऊन बसते. नोंदी मेमरीत जमवून थोड्या थोड्या वेळाने एकदम लिहाव्यात किंवा एसएसडी असलेला जुना थिन क्लायंट (छोटा कार्यालयीन संगणक) घ्यावा. तो वापरलेला स्वस्तात मिळतो आणि त्याला स्वतःची पेटीही असते.

दुसरा मुद्दा घड्याळाचा आहे आणि तो कोणी लक्षात घेत नाही. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या फळ्यांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. आमच्या पट्ट्यात गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते आणि महावितरणची दुरुस्तीची कामेही त्याच दिवशी निघतात. वीज गेली, यूपीएस संपले, प्रोब बंद पडला आणि वीज आल्यावर सुरू झाला, पण लाइन अजून आलेली नाही, अशी स्थिती घ्या. एनटीपी मिळत नसल्याने प्रोब आपल्या जुन्याच वेळेपासून पुढे मोजत राहतो आणि नेमक्या त्या बिघाडाच्या नोंदी चुकीच्या वेळेच्या पोटात जाऊन बसतात. घड्याळाचा छोटासा जोड स्वतंत्र मिळतो तो लावावा. थिन क्लायंटमध्ये हा प्रश्नच नसतो.

प्रोब राउटरला थेट न जोडता ज्या स्विचवर काउंटरचे संगणक आहेत त्याच स्विचला, त्याच व्हीलॅनमध्ये (स्विचवरील त्याच आभासी गटात) जोडावा. स्विचचा पोर्ट खराब असेल तर तोही प्रोबला जाणवला पाहिजे. वीज मात्र राउटरच्याच यूपीएसवरून द्यावी, नाहीतर काउंटरवरचा पंखा आणि प्रोब एकाच वेळी बंद पडतील.

खडकवासला

वेळेच्या प्रश्नाला कायद्याचीही बाजू आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार प्रणालींची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी, जुळवायची आहेत. लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवायच्या आहेत. प्रोबचे लॉगही या साठ्यात धरावेत; लेखापरीक्षक विचारतात.

तांत्रिक बाजूने पाहिले तर जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजण्यास एकच घड्याळ पुरते, कारण पाठवणारा आणि परत घेणारा एकच असतो. परंतु विलंब जाताना होतो की येताना, हे वेगळे करायचे असेल तर दोन्ही टोकांची घड्याळे अचूक जुळलेली हवीत. ओवॅम्प हा २००६ चा आणि ट्वॅम्प हा २००८ चा प्रोटोकॉल अशा मोजमापासाठी आहेत. पतसंस्थेला इतक्या खोलात शिरण्याची गरज नाही असे मला वाटते.

जुना तारवाला

आता सांभाळण्याविषयी. प्रोब बसवणे सोपे असते. तो वर्षभर कोणी न पाहता नीट चालवणे अवघड असते.

प्रत्येक प्रोबला स्वतंत्र किल्ली, म्हणजे केंद्राला त्याची ओळख पटवणारा गुप्त संकेत, द्यावी. सहा प्रोबवर एकच किल्ली असेल आणि नारायणगावचा खोका चोरीला गेला तर सहाही ठिकाणी जाऊन बदल करावा लागेल. वेगवेगळ्या असतील तर केंद्रात एक ओळ खोडली की काम झाले. जोडणीसाठी वायरगार्ड हा व्हीपीएनचा प्रोटोकॉल सुटसुटीत आहे. २०२० मध्ये तो लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत मुळातच सामावला गेला. प्रोबवर ऐकणारी एकही सेवा बाहेरच्या जगासाठी उघडी नसावी आणि केंद्राकडूनही त्याला मोजमापांची यादी बदलण्यापलीकडे फार अधिकार नसावेत. शाखेतील स्विचला एसएनएमपीने विचारायचे असेल तर ते प्रोबने स्थानिक पातळीवर विचारावे, तिसऱ्या आवृत्तीतील ओळखतपासणी आणि कूटलेखनासह. ‘पब्लिक’ हा परवलीचा शब्द ठेवून दुसरी आवृत्ती चालवणारी असंख्य कार्यालये आजही आहेत.

हा आग्रह अनाठायी नाही. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आलेल्या सोलरविंड्स प्रकरणात हल्लेखोरांनी ओरायन या नेटवर्क-देखरेखीच्याच सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणात घातक भाग मिसळला होता आणि सुमारे अठरा हजार ग्राहकांपर्यंत ती आवृत्ती पोहोचली होती. देखरेखीची प्रणाली सगळीकडे पोहोचते आणि सगळ्यांचे परवलीचे शब्द जवळ बाळगते. हल्लेखोराला याहून सोयीचे दुसरे काही नसते. म्हणून अद्ययावत आवृत्ती आधी एकाच शाखेत, शक्यतो आपल्याला जाऊन येण्यास सोप्या भोसरीत, घालावी आणि काही दिवस पाहून मग बाकीच्यांना द्यावी. प्रोबवर वॉचडॉग (अडकल्यास यंत्र आपोआप पुन्हा सुरू करणारी व्यवस्था) असावा. नव्या आवृत्तीने केंद्राशी संपर्क साधला नाही तर प्रोबने आपोआप जुन्या आवृत्तीवर परत यावे. बारामतीला केवळ एक बटण दाबण्यासाठी जावे लागणे परवडत नाही.

पॅकेट पकडण्याची सोय प्रोबवर असली तरी ती बंद ठेवावी. खातेदारांची माहिती त्या तारेवरून जाते. कोण कोणाशी किती बोलले, एवढी प्रवाहाची नोंद बहुतेक निदानांना पुरते.

शाखाजाळे

सर्वांचे मनापासून आभार. सुरुवात म्हणून मंचर आणि शिरूर येथे जुने थिन क्लायंट बसवले, वर झॅबिक्सचा प्रॉक्सी (शाखेतच मोजमापे गोळा करून केंद्राकडे पाठवणारा भाग) आणि मुळाकाठ यांनी सांगितलेले टप्पे. निकाल दोन्हीकडे वेगळे निघाले.

मंचरला स्क्रीन अडकण्याच्या सर्व वेळा राउटर सिमवर गेलेला असतानाच्या निघाल्या. लहान पिंग सुरळीत, मोठा पिंग शंभर टक्के गळालेला. फायबर दर वेळी काही मिनिटांतच परत येत असल्याने मी पाहीपर्यंत सर्व ठीक दिसत असे. व्हीपीएनवर टीसीपीच्या तुकड्यांचा कमाल आकार कमी करून दिल्यापासून सिमवर असतानाही काउंटर चालतो. फायबर वारंवार का जाते, हा वेगळा प्रश्न आहे. रस्त्याच्या खोदकामाशी त्याचा संबंध दिसतो.

शिरूरला गळती जवळजवळ नाही, पण दुपारनंतर पिंगचा पसारा प्रचंड रुंद होतो. प्रवाहाच्या नोंदीत कारण सापडले: सीसीटीव्हीचा रेकॉर्डर त्या वेळी चित्रीकरण बाहेर पाठवतो आणि वर जाणारी क्षमता पूर्ण भरून टाकतो. ते काम रात्रीवर ढकलले आहे.

आता दोन शंका. सूचनांचा इतका मारा होतो की फोन बाजूला ठेवावासा वाटतो. आणि पुरवठादाराच्या करारातील ‘९९.५ टक्के उपलब्धता’ या आकड्याशी प्रोबच्या नोंदी कशा ताडून पाहाव्यात?

मुळाकाठ

पहिल्या शंकेचे उत्तर आरमॉनच्या इशाऱ्यांच्या गटातच आहे. तेथे प्रत्येक इशाऱ्याला चढता आणि उतरता असे दोन उंबरठे असतात. विलंब समजा ऐंशी मिलिसेकंदांवर गेला की इशारा एकदाच वाजतो आणि तो तीसच्या खाली उतरल्याशिवाय पुन्हा वाजत नाही. एकच उंबरठा ठेवला आणि विलंब त्याच्या आसपास घुटमळला तर दर मिनिटाला सूचना येते. आपल्याकडे बहुधा तेच होत असावे.

त्याखेरीज अवलंबित्व नोंदवावे. मंचर आणि नारायणगाव या एकाच महामार्गावरच्या शाखा आहेत. दोन्ही एकाच मिनिटाला गप्प झाल्या तर वीस सूचनांऐवजी ‘त्या दिशेची लाइन गेली’ अशी एक सूचना हवी. वीज नसण्याची माहिती यूपीएसकडून घेता आली तर उत्तम, कारण ‘लाइन गेली’ आणि ‘वीज गेली’ या दोन्हींवर करायची कामे निरनिराळी आहेत. कामकाजाच्या वेळेबाहेरच्या सूचना फोनवर न पाठवता सकाळच्या अहवालात घालाव्यात.

खडकवासला

दुसऱ्या शंकेविषयी. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.५ टक्के म्हणजे एकूण ३ तास ३६ मिनिटे लाइन बंद राहिली तरी करार पाळला गेला असे ठरते. हिशोब चोवीस तासांवर असल्याने ती सर्व मिनिटे सोमवारच्या गर्दीत गेली तरी पुरवठादार निर्दोष ठरतो. पुढच्या नूतनीकरणात हिशोब कामकाजाच्या वेळेवर करून मागावा. आणि ‘उपलब्ध’ म्हणजे काय, हे लिहून घ्यावे. दहा टक्के पॅकेटे गळणारी लाइन तांत्रिकदृष्ट्या चालू असते. तक्रारीसोबत पहिल्या टप्प्याची गळती, तिची वेळ आणि त्याच वेळी शाखेचा राउटर ठीक असल्याचा पुरावा, एवढेच जोडावे. दहा आलेख जोडले तर कोणीही पाहत नाही.

नवखी प्रशासक

मुख्य कार्यालयाचीच लाइन गेली तर सगळ्या शाखा लाल दिसतील ना?

जुना तारवाला

दिसतील आणि म्हणून देखरेखीचा मध्यवर्ती सर्व्हर सदाशिव पेठेत असावाच, असे नाही. तो भाड्याच्या एखाद्या सर्व्हरवर, भारतातीलच डेटा सेंटरमध्ये, हलवावा आणि मुख्य कार्यालयातही शाखेसारखाच एक प्रोब बसवावा. मग मुख्य कार्यालयही इतरांसारखे एक ठिकाण होते. बँकिंग प्रणाली ज्या डेटा सेंटरमध्ये आहे तेथेच हा सर्व्हर ठेवू नये, हे सांगणे न लगे.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकचे जाळे जगभर बंद पडले तेव्हा त्यांच्या मार्गांची घोषणाच इंटरनेटवरून मागे घेतली गेली होती आणि बिघाड शोधण्याची त्यांची अंतर्गत साधनेही त्याच डीएनएसवर अवलंबून असल्याने एकाच वेळी निकामी झाली. आपला आकार नगण्य असला तरी तत्त्व तेच. निदान दोन शाखांच्या प्रोबला स्वतंत्र सिमची जोडणी द्यावी, जी राउटरच्या सिमपेक्षा वेगळ्या कंपनीची असेल आणि केवळ संपर्कासाठी वापरली जाईल.

शाखाजाळे

एक शेवटचा प्रश्न. सर्व्हर हलवला, बाकीच्या शाखांतही प्रोब बसले. परवा सासवडची फायबर आणि सिम दोन्ही दुपारभर बंद होत्या. प्रॉक्सी चालू होता, वीजही होती, तरीही आलेखात सुरुवातीचा बराचसा काळ कोरा आहे. केवळ शेवटच्या तासाभराच्याच नोंदी आल्या. प्रोबने नोंदी स्वतःजवळ साठवायच्या असे येथे म्हटले होते; प्रॉक्सी त्या साठवत नाही का?

एमआयडीसीकर

साठवतो, पण मुळात फक्त एक तास. प्रॉक्सीच्या संरचनेत ‘प्रॉक्सी-ऑफलाइन-बफर’ नावाचा घटक आहे. संपर्क नसताना नोंदी किती तास जपायच्या, हे तो ठरवतो. न बदलल्यास त्याचे मूल्य १ असते, कमाल ७२० चालते. आपण ते ७२ करावे, म्हणजे शनिवार-रविवारला जोडून आलेली सुट्टीही निभावेल. एका शाखेच्या मोजमापांना एसएसडीवर तेवढी जागा अगदीच क्षुल्लक आहे.

बदल केल्यावर एक परिणाम जाणवेल. लाइन परत आली की प्रॉक्सी आधी जुन्या नोंदी पाठवतो आणि मग ताज्या. साठा मोठा असेल तर फलकावरची शाखा काही काळ मागच्याच वेळेत रेंगाळलेली दिसते. शाखा आत्ता जिवंत आहे की नाही, हे कळण्यासाठी प्रोबवरून दर मिनिटाला केंद्राकडे एक लहानसा स्वतंत्र संदेश पाठवण्याची व्यवस्था करावी आणि ‘शाखा गप्प आहे’ ही सूचना त्या संदेशावरच बांधावी, प्रॉक्सीच्या नोंदींवर नव्हे.